जुनी डिझेल पिकअप घेताय? आधी ड्रायव्हरच्या डोक्यातलं वहीत आणा



"सर, रोज भाड्याची गाडी परवडत नाही. नवी पिकअप काढू की जुनी डिझेल गाडी बघू?" प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. हार्डवेअरवाले विचारतात, किराणा होलसेलवाले विचारतात, केटरिंगवाले विचारतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नाशिक शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत माल पोचवणाऱ्या छोट्या दुकानदारानं जुन्या, साध्या डिझेल पिकअपला घाबरू नये. पण "स्वस्तात पडते" एवढ्याच कारणासाठी घेत असाल तर घेऊ नका. हिशोब करून बघा, ती फारशी स्वस्त पडत नाही.

आधी आकडे

समजा नवी गाडी १० लाखांची आहे. दीड लाख हातचे भरले, साडेआठ लाख कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता महिन्याला १८,००० च्या आसपास बसतो. पाच वर्षांत दीड लाख धरून १२ लाख ३० हजार गेले. पाच वर्षांनी गाडी ५ लाखांना विकली गेली, तर निव्वळ खर्च ७ लाख ३० हजार.

आता जुनी गाडी साडेतीन लाखांना रोख घेतली. दुरुस्तीसाठी महिन्याला ८,००० बाजूला काढले, म्हणजे पाच वर्षांत ४ लाख ८० हजार. शेवटी दीड लाखाला विकली. निव्वळ खर्च ६ लाख ८० हजार.

फरक किती? ५० हजार, तोही पाच वर्षांत. डिझेल, विमा, कर आणि नव्या गाडीची सर्व्हिसिंग मी धरलेली नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, ते टाकून स्वतः गणित मांडा. बीबीएला आम्हाला घसारा शिकवला, पण जुन्या गाडीचा खरा खर्च घसाऱ्यात दिसतच नाही. तो दुरुस्तीत दिसतो आणि गाडी उभी राहिली त्या दिवसांत दिसतो.

मग जुनी घ्यायचीच कशाला? कारण बँकेचा हप्ता पाऊस बघत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बांधकामं थंडावतात, गल्ला निम्म्यावर येतो, तरी १८,००० जातातच. जुन्या गाडीचे ८,००० तुमच्याच खात्यात पडून असतात. एखाद्या महिन्यात ५,००० टाकले तरी कोणी दारात येत नाही. छोट्या धंद्यात ही मोकळीक फार मोठी असते.

या गाड्या टिकतात का?

टिकतात. आपल्याकडे बाजारात फिरणारी नेहमीची जुनी नावं म्हणजे महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. बोलेरोचं २५२३ सीसीचं इंजिन घ्या, नाहीतर २०७ डीआयचं '४९७' इंजिन घ्या. (४९७ म्हणजे ४ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर.) ही इंजिनं कमी फेऱ्यांवर ओढणारी, जाड लोखंडाची आहेत. छोट्या हत्तीचं इंजिन तर दोनच सिलिंडरचं, ७०२ सीसी. उभा असताना थरथरतो म्हणून लोक घाबरतात, पण दोन सिलिंडरची ती रीतच आहे.

यातल्या जुन्या मॉडेलमध्ये डिझेल पंप यांत्रिक असतो. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. एकदा इंजिन सुरू झालं की त्याला हवा आणि डिझेल एवढंच लागतं. बिघाड झाला तर मिस्त्री कानानं ओळखतो, स्कॅनर लावावा लागत नाही. आपल्या नाशिकला आणखी एक फायदा आहे. बोलेरो इथेच बनते, सातपूर-अंबडला सुट्या भागांचे कारखाने आहेत. या गाड्यांचा मिस्त्री आणि सामान शोधायला लांब जावं लागत नाही.

उलट बऱ्याच बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी थोडी लांब, एका लयीत पळावी लागते. दिवसभर इंदिरानगर ते पाथर्डी फाटा, पुन्हा दुकान, मध्ये बोगद्यापाशी अर्धा तास अडकलेलो, अशा वापरात तो फिल्टर त्रास देऊ शकतो.

मग लोक फसतात कुठे?

माझ्या बॅचमधल्या एका केटरिंगवाल्या दादांची गोष्ट सांगतो. त्यांची जुनी पिकअप सहा वर्षं एकच ड्रायव्हर मामा चालवत होते. गाडीनं कधी दगा दिला नाही. मामांना कंपनीत जास्त पगाराचं काम मिळालं, ते गेले. नवीन पोरगा आला. लग्नसराई सुरू होती, पहाटे ५ ला आडगावकडच्या लॉन्सवर भांडी आणि भाजी पोचवायची होती. गाडी सुरूच होईना. पोरानं सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवली. ७ ला मिस्त्री आला, डिझेल फिल्टरवरचा हातपंप वीस-पंचवीस वेळा दाबला, एअर काढली, दुसऱ्या बॅटरीवरून गाडी सुरू केली. डिझेल लाइनच्या जोडावरचा एक वायसर खराब होता. रात्रभर गाडी उभी राहिली की तिथून लाइन हवा धरायची.

मामांना हे माहीत होतं. ते रोज सकाळी आधी हातपंप मारायचे, टाकी पावच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत आणि गाडी उतारावर लावायचे. सहा वर्षं त्यांनी हा दोष सांभाळून घेतला. मालकाला वाटत होतं की आपली गाडी भरवशाची आहे. भरवशाचे मामा होते. वायसर काही रुपयांचा होता, पण दादांचं पुढच्या वर्षीचं मोठं गिऱ्हाईक त्या सकाळी गेलं.

मला या लेखात एवढंच सांगायचंय. जुन्या गाडीच्या खोडी ही धंद्याची माहिती आहे. ती एका माणसाच्या डोक्यात राहिली तर तो माणूस जाताना ती घेऊन जातो. गिऱ्हाइकांची उधारी आपण ड्रायव्हरच्या आठवणीवर सोडत नाही, मग गाडी का सोडतो?

वहीत काय लिहायचं

शंभर पानी वही घ्या, गाडीतच ठेवा. रोज एक ओळ: तारीख, किलोमीटर, डिझेल किती लिटर, ऑइल किती टाकलं, पाणी किती टाकलं, नवीन आवाज किंवा धूर. पहिलं पान खोडींचं. गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरशेजारी बसा आणि विचारा, "मामा, ही सुरू कशी करता? घाटात काय करता? काय केलं की ही रुसते?" ते बोलतील तसं लिहून घ्या.

धुराचा रंग लिहायचा विसरू नका. काळा धूर म्हणजे बहुतेक वेळा एअर फिल्टर चोंदलाय किंवा डिझेल जास्त जातंय, पंप-नोझल तपासा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीच्या सकाळी थोडा पांढरा धूर चालतो, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर आणि सोबत पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघून घ्या. महिन्याला अर्धा लिटर ऑइल खाणारी गाडी एक लिटर खायला लागली, हे वहीतच दिसतं. मग इंजिनचं काम तुम्ही पावसाळ्यात ठरवून करता, ऐन सीझनमध्ये रस्त्यावर नाही.

दोन गोष्टी मात्र खोडी म्हणून चालवून घेऊ नका. पहिली, कसारा घाट उतरताना इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवणं. यातल्या बहुतेक गाड्यांचा ब्रेक इंजिनवर चालणाऱ्या व्हॅक्यूमवर हलका होतो. इंजिन बंद झालं की थोड्याच वेळात पेडल दगडासारखं होतं. दुसरी, जादा पाटा टाकून ओव्हरलोड करणं. पाटे वाढवले तरी ब्रेक तेवढेच राहतात आणि आरसीवरचं वजनही तेवढंच राहतं.

कागद

मालगाडीला ८ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी फिटनेस लागतो, त्यानंतर दर वर्षी. १५ वर्षांनंतर फिटनेसची फी बरीच वाढते, म्हणून १३-१४ वर्षांची गाडी घेताना ते आधीच किमतीतून वळतं करा. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, आरसीवर आकडा बघा. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चलान तपासा आणि आरसीबरोबर विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्या.

आणि मालकानं स्वतः गाडी चालवायला शिकावं. साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते. हे सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं कायम केलं. ड्रायव्हर आला नाही म्हणून शटर बंद, ही वेळ येऊ नये.

कोणी घेऊ नये

स्वतःला एकच प्रश्न विचारा: गाडी एक दिवस उभी राहिली तर माझा माल सडतो का? प्लायवूड, टाइल्स, सिमेंट, भांडी-खुर्च्यांचं गिऱ्हाईक एखादा दिवस थांबतं किंवा तुम्ही भाड्याची गाडी लावू शकता. द्राक्ष, टोमॅटो, दूध रोज रात्री वाशीला न्यायचं असेल तर नवी घ्या, हप्ता भरा. तिथे एक चुकलेली फेरी पूर्ण महिन्याचा नफा खाते.

आणि नोझल-पंपाचं काम करूनही जी गाडी काळा धूर ओकते, तिला सोडा. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. आपल्या दुकानासमोरून शाळेची पोरं जातात, त्यांनी आपला धूर का खायचा?

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर आजच ड्रायव्हरला चहा पाजा आणि खोडींचं पहिलं पान भरून घ्या. पुढच्या व्हिडिओत वहीचे रकाने कसे आखायचे ते दाखवतो.