लोगिस्मोई, म्हणजे मनातले हिशेब

'लोगिस्मोई' या ग्रीक शब्दाचं भाषांतर सगळीकडे 'विचार' असं करतात. मला काही ते पटत नाही बुवा.

एकवचन 'लोगिस्मोस', मूळ अर्थ हिशेब, आकडेमोड. (आजच्या ग्रीकमध्ये सॉफ्टवेअरला 'लोगिस्मिको' म्हणतात, म्हणजे आमच्याच घराण्यातला शब्द!) चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती साधूने असे आठ लोगिस्मोई सांगितले: खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, मिरवायची हौस आणि गर्व. त्याचं म्हणणं, हे मनात येणं आपल्या हातात नाही. त्यांना मुक्काम करू द्यायचा की नाही, ते आहे. पुढे लॅटिनमध्ये जाताना त्यांचे 'दुर्गुण' झाले, सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी यादी सातवर आणली, आणि तिचीच पुढे 'सात महापापं' झाली. आला आणि राहिला यातला फरकच वाटेत हरवला.

मध्यंतरी एका सहकाऱ्याने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझी चूक काढली. राग आला. तो येणारच. पण रात्री दोनपर्यंत मी त्याच्या जुन्या चुका मोजत पडलो होतो, तो उद्योग मात्र माझा स्वतःचा!

म्हणून म्हणतो, 'विचार' फार सोज्वळ आणि 'पाप' फार जड. 'मनातले हिशेब' म्हणा. निदान वही मिटून झोपता तरी येतं.