रक्त न सांडणे एवढेच पुरेसे नाही

बैलाशी मांडलेला प्रत्येक खेळ क्रूरच, रक्त सांडो वा न सांडो, असे मानणारा एक पक्ष आहे. परंपरा आहे म्हणजे चर्चा संपली, असे म्हणणारा दुसरा. दक्षिण फ्रान्सच्या प्रवासात आर्ल गावी, रोमनांनी बांधलेल्या आखाड्यात ‘कुर्स कामार्गेज’ पाहिल्यापासून हे दोन्ही पक्ष मला मान्य नाहीत.

या खेळात बैलाच्या शिंगांमध्ये कपाळावर लाल फीत, शिंगांना लोकरीचे पांढरे गोंडे आणि बुंध्याशी दोरी असते. पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू, म्हणजे राझतर, हातातल्या दातेरी आकड्याने हे काढू पाहतात. बैल अंगावर आला की धावत जाऊन कठड्यापलीकडे उडी घ्यायची. बैलाला आखाडा न्याहाळायला एक मिनिट मिळते, पुढचा खेळ जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचा. तलवार नाही, भाला नाही. वेळ संपली की बैल परत जातो.

पहिला पक्ष म्हणेल, जखम नसली तरी ताण आहेच. आहे, हे मी नाकारत नाही. म्हणून तर वेळेची मर्यादा हवी. पण ताणाला आणि वधाला एकाच मापाने मोजणे हा विचार नव्हे. तलवारीच्या झुंजीत बैल त्याच दिवशी मारला जातो. माणसाचे डाव ओळखलेला बैल तिथे धोका ठरतो. या खेळाच्या कामार्ग प्रदेशात मात्र बैल वर्षानुवर्षे मैदानात येतो, डाव शिकतो, आणि जितका शिकतो तितका त्याचा भाव वाढतो. जनावराच्या शहाणपणाला मान देणारा खेळ आणि त्याच शहाणपणाला घाबरणारा खेळ एका पंक्तीत बसू शकत नाहीत.

आणखी एक आक्षेप वजनदार आहे. खेळासाठी न निवडलेली जनावरे मांसासाठी जातात. तिथल्या मांसाला 1996 पासून अधिकृत मानांकनही आहे. खेळणारे बैल सहसा खच्ची केलेले असतात. हे लपवू नये. हा खेळ निष्कलंक आहे असा माझा दावा नाही. पण डाग आहेत म्हणून काळ्या आणि करड्यातला फरकच पुसून टाकणे मला पटत नाही.

आता परंपरावाद्यांकडे वळू. आर्लच्या त्याच आखाड्यात वधाची झुंजही होते. फ्रेंच कायदा तिला अखंड स्थानिक परंपरा असलेल्या ठिकाणी शिक्षेतून सूट देतो आणि 2012 मध्ये तिथल्या घटना परिषदेनेही ही सूट कायम ठेवली. परंपरा हेच समर्थन असेल, तर वध आणि फीत काढणे दोन्ही सारखेच योग्य ठरतात. म्हणून रक्तहीन खेळाचा कैवार घ्यायचा, तर तो परंपरेच्या जोरावर घेता येणार नाही.

मग कशाच्या जोरावर? खेळात नायक कोण, आणि खेळ संपल्यावर त्याचे काय होते, यावर. कामार्गमध्ये जाहिरातीवर बैलाचे नाव झळकते. तो उत्तम खेळला तर ‘कार्मेन’ या ऑपेरातली धून त्याच्या सन्मानार्थ वाजते. 1933 मध्ये मेलेल्या ‘ल सांग्लिए’ या बैलाची समाधी ल कायलार गावात आहे. बोकेरमध्ये ‘गोया’ बैलाचा पुतळा आहे. नावारूपाला आलेला बैल कळपातच म्हातारा होतो.

हीच कसोटी आपल्या बैलगाडा शर्यतीला लावायला हवी. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यत थांबवली. 18 मे 2023 रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतीला परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. कायद्याचा प्रश्न तिथे मिटला, नीतीचा नाही. शर्यतीच्या बैलावर जीव टाकणारे शेतकरी आपल्याकडे आहेत, याविषयी मला शंका नाही. त्यांनीच पुढे होऊन नियम घालावा: चाबूक आणि टोचणी घाटात येणार नाही, आणि पळायचे थांबलेला बैल आयुष्यभर मालकाच्या दावणीलाच राहील. जो हे मान्य करेल, त्याच्या शर्यतीच्या बाजूने मी उभा राहीन.