संध्याकाळी मैदानाचे फाटक उघडे असावे



बुऱ्हाणपूरचा उन्हाळा कोणाला सांगायला नको. दुपारी रस्ते ओस पडतात, घरोघरी कूलर सुरू होतात. संध्याकाळी ऊन उतरले, तापीवरून थोडा वारा आला, की सगळ्यांनाच घराबाहेर पडावेसे वाटते. पण जायचे कुठे?

मुलगे चौकात नाहीतर चहाच्या टपरीवर उभे राहतात. मोठ्या मुलींना तीही सोय नाही; त्या गच्चीवर जातात. ज्यांच्या गल्लीत पावरलूमचा खटखटाट थांबत नाही, त्या घरांतील आजी-आजोबा उंबऱ्यावर बसून राहतात. बाहेर बसायला जागा नसली की टीव्ही आणि मोबाइल हीच करमणूक उरते. यात दोष मुलांना कसा द्यावा?

आपल्या गावात सुंदर गोष्टींची कमी नाही. शाही किल्ल्यातील हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी पाहायला लोक दुरून येतात. नदीपलीकडे जैनाबादला आहुखाना आहे. ‘आहू’ म्हणजे हरीण. ती मोगलांची हरणांची बाग. १६३१ मध्ये मुमताज महलचे येथे निधन झाले, तेव्हा आग्र्याला नेण्यापूर्वी तिला जैनाबादलाच दफन केले होते. पण हमाम काय किंवा आहुखाना काय, दोन्ही राजघराण्यासाठी होते. सामान्य माणसाची जागा म्हणजे घाट.

राजघाटावर नदीच्या पात्रातला दगडी हत्ती आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला ना तिकीट, ना फाटक. पावसाळ्यात पाणी चढले की तो बुडतो, ओसरले की पुन्हा दिसतो. आपल्या मुलांना हमामाच्या नक्षीपेक्षा हा हत्ती जवळचा वाटतो, कारण तो येता-जाता भेटतो. कला रोजच्या वाटेवर असली की आपली होते, असे आम्हाला वाटते. सुट्टीत मुंबईला जाऊन आलेली मुलेसुद्धा मलबार हिलच्या बागेतला ‘म्हातारीचा बूट’ आणि शिवाजी पार्कचा कट्टा यांचेच वर्णन अधिक करतात. कट्टा ही काही मोठी वास्तू नव्हे. पण माणसे बसतात म्हणून ती जागा जिवंत राहते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवत आहोत. १ मे ते १५ जून या काळात शाळेचे मैदान रोज संध्याकाळी ६ ते ८ सर्वांसाठी उघडे ठेवावे. आणि मैदानाकडील लांब भिंत जाहिरातीसाठी न देता विद्यार्थ्यांना चित्रांसाठी द्यावी. अट एकच: ज्याचे चित्र काढायचे, ते आधी प्रत्यक्ष जाऊन पाहायचे. हत्ती काढा, केळीची बाग काढा, पावरलूम काढा. फक्त पुस्तकातून उतरवू नका.

दोन शंका आमच्या कानावर आल्या आहेत. पहिली, कचरा होईल आणि मोडतोड होईल. ही शंका खोटी नाही. जुन्या इमारतींच्या भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावे आपण पाहतोच. परंतु ज्याने स्वतः भिंत रंगवली, तो तिच्यावर नाव खरडणार नाही आणि दुसऱ्यालाही खरडू देणार नाही. शिवाय रोज दोन पालकांनी पाळीपाळीने देखरेख केली, तर चौकीदारावर एकट्यावर भार पडणार नाही.

दुसरी शंका अशी, की मैदान आपल्या समाजाचे, मग बाहेरच्या मुलांना का? येथे आम्ही कुंडी भंडाऱ्याची आठवण देतो. जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास, शंभराहून अधिक कुंड्या जमिनीखालच्या बोगद्याने जोडून या गावाला पाणी दिले गेले. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचे नाव आले. ते पाणी पिताना कोणी कोणाची भाषा विचारली नाही. आपल्या जामा मशिदीत तर अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. अशा गावात आपला मराठी समाज पिढ्यान्पिढ्या नांदला. शेजाऱ्याच्या मुलाला दोन तास खेळू दिल्याने आपली शाळा परकी होणार नाही. उलट तिचे नाव दहा घरांत प्रेमाने घेतले जाईल.

खर्च म्हणाल, तर चार दिवे, पाण्याचे दोन माठ आणि रंगांचे डबे. रंगांसाठी माजी विद्यार्थ्यांनी हातभार लावावा. विश्वस्तांनी पुढील बैठकीत निर्णय घ्यावा आणि देखरेखीसाठी तयार असलेल्या पालकांनी आपले नाव कार्यालयात नोंदवावे, ही विनंती. मुलींनो, तुमची नावे सर्वात आधी यावीत, अशी आमची इच्छा आहे.

— मुख्याध्यापक