सहा गोळ्यांचे चाक



पिंपरीहून एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून त्यांना नुसते ताई म्हणतो. ताईंचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत गेला, तेथेच स्थिरावला आणि आता तेथला नागरिक आहे. घरात सून आणि आठ वर्षांची नात. हा मुलगा बहुतेक रविवारी नेमबाजीला जातो. आधी त्याच्याकडे पिस्तूल होते. ते विकून त्याने यंदा रिव्हॉल्व्हर घेतले आणि फोनवर आईला सांगितले, "आई, आता कुठे खरी गोडी कळली." ताई विचारतात : "या दोहोंत फरक तरी काय? मुलगा सुधारला म्हणू की आणखी बिघडला म्हणू? आमच्या घरी रोज पंचशील म्हटले जाते, आणि त्याच घरचा मुलगा बंदुकीची गोडी सांगतो. मी रात्ररात्र जागी असते."

ताईंचा प्रश्न मी बाजूला टाकू शकलो नाही, त्याला दोन कारणे आहेत. एक तर माझी सारी नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात गेली. हत्यार हाताळण्याची शिस्त काय असते ते मला ठाऊक आहे. दुसरे, माझा सख्खा भाचा टेक्सासमध्ये राहतो आणि त्याचीही कथा अगदी हीच आहे. २०१९ साली मी त्याच्याकडे तीन महिने राहिलो. चार रविवार त्याच्याबरोबर गेलो आणि काचेमागे उभा राहून सारे पाहिले. काचेमागे अशासाठी की, अमेरिकेच्या कायद्याने पाहुणा म्हणून व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूक किंवा काडतूस हातात घेण्याची मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद आहेत, पण सर्वसाधारण नियम हाच. एच-वन व्हिसावर नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांनाही तो लागू होतो, आणि पुष्कळांना हे माहीत नसते. मित्र म्हणतो चल, तेथला माणूस ओळखपत्र पाहून आत सोडतो, आणि मुलगा नकळत गुन्हा करून बसतो. ज्यांची मुले तेथे आहेत त्यांनी एवढे तरी आजच फोनवर सांगावे. ताईंचा मुलगा नागरिक आहे, त्यामुळे त्याला ही अडचण नाही.

आता फरकाचे. आपली वर्तमानपत्रे कशालाही पिस्तूल म्हणतात, कशालाही रिव्हॉल्व्हर, आणि पोलिसांनी पकडलेला गावठी कट्टा तर बहुधा या दोहोंपैकी काहीच नसतो. एका वेळी एक गोळी घालायची ती नळी. रिव्हॉल्व्हर म्हणजे ज्याच्या मध्यावर गोल फिरणारे चाक असते ते. त्या चाकाला इंग्रजीत सिलिंडर म्हणतात, पण आपल्या घरी सिलिंडर म्हटले की गॅसचा, म्हणून मी चाकच म्हणतो. त्यात बहुधा सहा घरे, प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढला की चाक एक घर पुढे सरकते आणि घोडा पडतो. सॅम्युअल कोल्ट या अमेरिकन माणसाने १८३६ साली याचे पेटंट घेतले आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. पिस्तुलाचे तसे नाही. त्याच्या मुठीत मॅगझीन नावाची पेटी सरकवतात. एक गोळी उडाली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि येताना नवी गोळी नळीत भरतो. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलाच्या पेटीत सतरा गोळ्या मावतात. अमेरिकेच्या पोलिसांनी १९८० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुले घेतली ती यासाठीच. समोरून गोळ्या येत असताना सहा आणि सतरा यांत फार अंतर पडते.

पण रविवारी कागदावर नेम धरणाऱ्याच्या समोरून कोणी गोळ्या झाडत नाही. भाच्याने पहिली तीन वर्षे पिस्तूलच चालवले. तो म्हणाला, "मामा, पन्नास गोळ्यांचा डबा दहा मिनिटांत संपायचा. कागदाची चाळण व्हायची आणि कोणती गोळी कुठे का गेली, काही कळायचे नाही. धडधड, धडधड, आणि घरी." मग एका रविवारी शेजारच्या गाळ्यात एक वयस्क गृहस्थ रिव्हॉल्व्हर घेऊन उभे होते. सहा गोळ्या झाडायच्या, चाक उघडायचे, दांडी दाबून सहाही पुंगळ्या हातात घ्यायच्या, डब्यात ठेवायच्या, कागदाकडे पाहायचे, पुन्हा सहा भरायच्या. त्यांनी याला झाडून पाहायला दिले. त्यानंतर महिन्याभरात याने आपले पिस्तूल विकले. पूर्वी एका रविवारी दोनशे गोळ्या जायच्या, आता साठ जातात. रिव्हॉल्व्हरचे अडतीस नंबरचे काडतूस पिस्तुलाच्या नऊ मिलिमीटरच्या काडतुसापेक्षा महाग पडते, तरी महिन्याचा खर्च उतरला. सूनबाईला तेवढेच आवडले, असे ती हसून म्हणाली.

भाच्याला सर्वात भावली ती एक कसरत. त्यासाठी लाखाचे यंत्र नको. चाकाच्या सहा घरांपैकी चारच भरायची, दोन रिकामी ठेवायची, न पाहता चाक फिरवून बंद करायचे. नळी कायम कागदाच्याच दिशेला. आता चाप ओढताना पुढच्या घरात गोळी आहे की नाही ते ठाऊक नसते. घोडा रिकाम्या घरावर पडतो, आवाज येत नाही, धक्का बसत नाही, आणि तरीही नळी खाली झुकते. का झुकली? धक्का येण्याआधीच आपल्या हाताने धक्क्याची भीती घेतली म्हणून. गोळी उडाली असती तर हा दोष धुरात आणि आवाजात लपून गेला असता. मी काचेमागून पाहिले : भाच्याची नळी पहिल्यांदा चांगली दोन बोटे झुकली. चौथ्या रविवारी हलली नाही. विपश्यनेला दहा दिवस बसून आलेले आपले काही वाचक आहेत. मन आधी कसे हलते आणि शरीर मागाहून कसे, हे त्यांना मी सांगायला नको.

याला दुसरी बाजू नाही असे नाही. चाप ओढूनच घोडा उचलायचा तर बोटावर पाच किलोच्या आसपास जोर पडतो. नवख्याचा नेम त्यातच जातो. अंगठ्याने घोडा आधी मागे ओढून ठेवला तर चाप हलका होतो. चाक आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते, तेथून तापलेला वायू बाहेर पडतो. तेथे बोट आले तर भाजते, कापते. सहा घरे घासून साफ करायला पिस्तुलापेक्षा जास्त वेळ लागतो. किमतीलाही चांगले रिव्हॉल्व्हर बहुधा प्लॅस्टिकच्या सांगाड्याच्या पिस्तुलाहून चढे. आणि स्पर्धेत उतरायचे असेल तर ऑलिंपिकला रिव्हॉल्व्हर चालवणारे आज कोणी दिसत नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटरचे सुवर्णपदक घेतले ते पिस्तुलावरच. म्हणून पिस्तूल वाईट आणि रिव्हॉल्व्हर चांगले असा निकाल मी देत नाही. फुरसतीला, स्वतःच्या हाताची परीक्षा पाहायची असेल तर भाच्याची निवड मला पटली, एवढेच.

पटण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते ताईंनी नीट वाचावे. पिस्तुलाची मॅगझीन काढली की माणसाला वाटते, झाले, रिकामे झाले. पण एक गोळी नळीच्या तोंडाशी आधीच चढलेली असते. पेटी हातात, पिस्तूल रिकामे समजून चाप ओढला, आणि समोर बायको किंवा भाऊ. असे अपघात त्या देशात वारंवार होतात. भाच्याच्या शेजारी एका तरुणाने असेच पिस्तूल टेबलावर ठेवले आणि वळताना नळी लोकांकडे फिरली. तेथला देखरेख करणारा माणूस एवढ्या जोराने ओरडला की काचेमागे मी दचकलो. रिव्हॉल्व्हरचे चाक बाहेर काढले की सहाही घरे उघडी दिसतात. पितळ दिसले तर भरलेले, आरपार उजेड दिसला तर रिकामे. अडाणी माणसालाही कळते.

परंतु ताई, येथेच सावध राहा. हे पाहणाऱ्या मोठ्या माणसासाठी झाले. आठ वर्षांच्या मुलीसाठी रिव्हॉल्व्हर पिस्तुलापेक्षा सुरक्षित नाही. त्याला बहुधा अडकवण्याचा खटकाही नसतो; भरलेले असेल आणि चाप ओढला गेला तर ते उडते. चाप जड आहे, पण दोन्ही हातांची बोटे लावून मूलही तो ओढू शकते. अमेरिकेत बंदुकीने दरवर्षी जेवढी माणसे मरतात त्यांतली निम्म्याहून अधिक आत्महत्येत मरतात. चोर येईल म्हणून घरात ठेवलेले हत्यार घरच्याच दुःखी माणसाच्या हाती लागते. म्हणून हत्यार कोणते, यापेक्षा ते रविवार सोडून उरलेले सहा दिवस कोठे असते, हे मी आधी विचारीन.

आता शीलाचे. पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. कागदाला प्राण नसतो, तेव्हा कागदावर नेम धरल्याने ते मोडत नाही. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तरुण सिद्धार्थ मित्रांबरोबर शिकारीला जायचे नाकारतो. त्याला धनुष्य येत नव्हते म्हणून नव्हे, जीव घ्यायचा नव्हता म्हणून. त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत भेद केला आहे. ताईंच्या मुलाच्या बाबतीत मला त्या इच्छेची चौकशी करावीशी वाटते. आणि ती कागदावरून होते! तेथल्या दुकानांत दोन तऱ्हेचे कागद मिळतात. एकावर गोल वर्तुळे, दुसऱ्यावर माणसाची काळी आकृती. भाचा आरंभी आकृतीचा कागद घेत असे, कारण सगळे घेतात. मी म्हणालो, "बाळा, आजपासून वर्तुळे." त्याने वाद घातला नाही. माणसाच्या छातीवर नेम धरण्याची सवय हाताला लावणे ही माझ्या दृष्टीने करमणूक नव्हे.

तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत शस्त्रांचा व्यापार आहे, असे काही वाचक लगेच लिहितील. बरोबर आहे. खडकी, वरणगाव, अंबाझरी, भद्रावती येथल्या कारखान्यांत आपल्या कितीतरी घरांची चूल पेटली आहे, आणि हा प्रश्न मला तरुणपणापासून विचारला गेला आहे. देशाच्या सैन्यासाठी पगारावर काम करणे हा व्यापार नव्हे, असे मी मानतो. एका भन्तेजींना हे मान्य नव्हते. त्यांचे म्हणणेही मी विसरलेलो नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हाती बंदूक आली ती लष्कराची. १८९२ च्या सुमारास ती भरती बंद झाली आणि पुन्हा मिळवण्यासाठी १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत किती अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. त्यामुळे बंदूक म्हटली की आपल्या घरात अभिमान आणि धास्ती दोन्ही एकदम जागे होतात. ताईंच्या पत्रात मला दोन्ही दिसले.

तर ताई, मुलाला रागावू नका. पुढच्या फोनला चार गोष्टी विचारा. कागद कोणता वापरतोस? घरी आल्यावर चाक उघडून सुनेला दाखवतोस का? हत्यार आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत आहेत का? परवानाधारक दुकानदाराला विकतानाच कुलूप किंवा तसले साधन द्यावे लागते, तेव्हा मिळाले नाही ही सबब नको. आणि किल्ली कोठे असते? नातीला ती जागा ठाऊक आहे का, हे मुलाला नव्हे, सुनेला विचारा. शिवाय रेंजवरून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय आणि कपडे बदलल्याशिवाय मुलीला उचलून घेऊ नये. गोळ्यांतल्या शिशाची पूड अंगावर येते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. कानाला आणि डोळ्यांना तो संरक्षण लावतो का, हेही विचारून ठेवा. बहिरेपण हळूहळू येते, दुखत नाही.

डिसेंबरात ते सारे घरी येणार आहेत असे आपण लिहिले आहे. निघण्यापूर्वी रेंजवर नेण्याची बॅग सामानात घेऊ नये, आणि घेतलीच तर सारे कप्पे उलटे करून झटकावेत. अस्तरात राहिलेले एकच काडतूस आपल्या विमानतळावर सापडले तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो, आणि मग सुटी पोलीस ठाण्यात आणि वकिलाकडे जाते. शोभेची वस्तू म्हणून रिकामी पुंगळीसुद्धा आणू नये, असे त्याला माझ्या नावाने सांगा.