नशिबाच्या नावावर

गणपतीत मामाकडे सगळे जमलो होतो. जेवणं झाल्यावर कुणीतरी 'मकबूल' लावला. विशाल भारद्वाजचा २००३ चा सिनेमा, 'मॅकबेथ' उचलून मुंबईच्या अंडरवर्ल्डमध्ये नेऊन ठेवलेला. संपल्यावर मामाने निकाल दिला, "बिचारा! नशिबातच होतं, तो तरी काय करणार? त्यात तसली बाई गळ्यात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तेव्हा गप्प बसले, मामीची आवराआवर चालली होती. आता इथे बोलते. मामा हे वाचतो, मला माहीत आहे.

मामा, सिनेमाचं एक वेळ मान्य करते. तिथे भविष्य सांगणारे दोन पोलीस (ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह, काय धमाल केलीय!) पत्रिका मांडतात आणि घटनांमध्ये हातही घालतात. पण तुझ्या कपाटात शिरवाडकरांचं 'राजमुकुट' आहे ना, ते काढ. नाहीतर मूळ नाटक काढ. चेटकिणी मॅकबेथला फक्त एवढंच सांगतात की तू कॉडॉरचा सरदार होशील आणि पुढे राजा होशील. कसा होशील, ते नाही. खून हा शब्द त्यांच्या तोंडी नाही. सरदारकी तर त्याला लगेच, काहीही न करता मिळते. पहिला सरदार फितूर निघाला, म्हणून. मग गादीसुद्धा अशीच चालत येईल, हे त्याच्याही मनात येऊन जातं. तरी अंगावर काटा आणणारं ते चित्र त्याच्याच डोक्यात उभं राहतं, आणि तेव्हा बायको शेजारीसुद्धा नसते!

बरं, तिथे बँको पण उभा असतो. त्यालाही भविष्य मिळतं, तुझे वंशज राजे होतील म्हणून. मोह त्यालाही होतो, रात्री झोप लागत नाही. पण तो कुणाला मारत नाही. दोघांच्या कानावर शब्द एकाच वेळी पडले, मग एकाच्याच हातात सुरा कसा आला?

आणि बायकोचं म्हणशील तर, हो, ती टोचून बोलते, त्याच्या मर्दपणावर जाते. बाई काही साधी नाही. पण तीच त्याला ऐकवते की ही गोष्ट आधी तूच काढलीस, आणि तो ते नाकारत नाही. त्याआधी त्याने स्वतःच पाढा वाचलेला असतो: डंकन माझा नातेवाईक, माझा राजा, आज माझ्या घरी पाहुणा. सगळं कळत असतं त्याला. पुढे बँकोवर मारेकरी घालताना तो बायकोला पत्ता लागू देत नाही. मॅकडफची बायको आणि पोरं मारताना कुणाला विचारतो? तोवर इकडे ती बिचारी झोपेत चालत हात धूत असते.

पण मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. हा माणूस नशीब मानतो, तेही अर्धंच. 'तू राजा होशील' हे विधिलिखित, आणि 'बँकोचे वंशज राजे होतील' हे मात्र मारेकरी घालून पुसायचं. (बँकोचा मुलगा फ्लीअन्स निसटतो ते सोडा.) सोयीचं तेवढं नशीब, गैरसोयीचं ते प्रयत्नवादाने बदलायचं. ही हुशारी मी ओळखते.

कारण मी ती केली आहे. मामा, काही वर्षांपूर्वी तू माझी पत्रिका बघून म्हणाला होतास, यंदा पदप्राप्तीचा योग आहे. त्याच वर्षी ऑफिसात एका मोठ्या हिशेबात घोळ झाला. अर्धी चूक माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची, अर्धी माझी. साहेबांनी विचारलं तेव्हा मी त्यांची अर्धी सांगितली. खोटं एक अक्षर बोलले नाही. त्यांची बदली झाली, खुर्ची मला मिळाली. तू पेढे मागितलेस, "सांगितलं नव्हतं?" म्हणालास. मी पण सगळ्यांना सांगत सुटले, योगच होता. त्या शब्दामागे इतकी आरामात लपले, की त्यांच्या निवृत्तीला हार घेऊन गेले आणि हातात हात पण मिळवला.

आता तू म्हणशील, योग खरा ठरला की नाही? ठरला ना! चेटकिणींचंही सगळंच खरं ठरतं, जंगलसुद्धा चालत येतं. म्हणून डंकनचं रक्त चेटकिणींच्या हाताला लागत नाही.

जाता जाता एक गंमत. शेक्सपिअरने ही गोष्ट हॉलिन्शेडच्या बखरीतून घेतली. त्या बखरीत बँको या कटात सामील आहे! पण १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स राजा स्वतःला बँकोचा वंशज मानायचा, तेव्हा बँकोला धुऊन काढणं भाग होतं. इतिहासातला डंकन तर १०४० मध्ये लढाईत पडला, अंथरुणात नाही, आणि मॅकबेथने त्यानंतर १७ वर्षं राज्य केलं. म्हणजे खऱ्या मॅकबेथवर या नाटकाने अन्यायच केला म्हणायचा. त्याची वकिली करायची असेल तर खुशाल कर, मामा, मी तुझ्या बाजूने आहे. नाटकातल्याची मात्र नको.

आणि हो, धाकटीची पत्रिका तू मागितली होतीस. ती मी पाठवणार नाहीये.