घर-संसार : खिळा न ठोकता सजवलेले घर

गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले आणि आपली कितीतरी कुटुंबे दिवा, बदलापूर, नालासोपारा अशा ठिकाणी भाड्याच्या खोल्यांत राहू लागली. करार अकरा महिन्यांचा. भिंतीला रंग लावायचा नाही, खिळा ठोकायचा नाही, ही घरमालकाची पहिली अट. मग पुष्कळ भगिनी म्हणतात, "परक्याच्या घराला काय सजवायचे? उद्या सोडायचेच आहे." आम्हांला हे पटत नाही. घर भाड्याचे असले तरी संसार भाड्याचा नसतो. मुलांचे बालपण अकरा महिने थांबून राहत नाही.

तेव्हा भिंतीला धक्का न लावता काय करता येईल, ते या अंकात पाहू.

सामान लावण्याआधी रिकाम्या खोलीत एक फेरी मारावी. आधीच्या भाडेकरूने ठोकलेले खिळे, पडलेली भोके, ओलीचे डाग, सुटलेले पोपडे, तडकलेली लादी यांचे मोबाइलवर फोटो काढावेत आणि त्याच दिवशी घरमालकाला पाठवावेत. घर सोडताना "भिंत तुम्हीच खराब केली" म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले जातात, तेव्हा हेच फोटो कामाला येतात. शिवाय जुने खिळे किती व कुठे आहेत तेही कळते. त्यांचाच उपयोग आपल्याला करायचा आहे.

करार लेखी व नोंदणी केलेलाच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवायचे तर घरमालकाला पुरावा द्यावा लागतो. ही गोष्ट आपल्या माणसांना माहीत असलीच पाहिजे.

आता भिंतीकडे वळू. बाजारात चिकटवायचे हूक व डबल टेप मिळतात. ते गुळगुळीत लादीवर आणि ऑइलपेंटवर चांगले धरतात. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर मात्र ते टिकत नाहीत, आणि निघताना रंगाचा पापुद्रा घेऊन निघतात. म्हणून त्यांचा वापर मोरीत आणि ओट्यामागच्या लादीवरच करावा. लादीवर डिंक राहिला तर त्यावर थोडे खोबरेल तेल चोळून थोड्या वेळाने फडक्याने पुसावे. रंगाच्या भिंतीला तेल लावू नये, कायमचा डाग पडतो.

मोठी भिंत उघडीबोडकी वाटत असेल तर आईची जुनी सुती साडी किंवा हाताने शिवलेली गोधडी कामाला येते. वरच्या कडेला दुमड घालून त्यातून नाडा ओवावा. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरे जुन्या खिळ्याला किंवा माळ्याच्या कडीला बांधावे. गोधडी जड असते, तिला नाड्याऐवजी पक्की दोरी घ्यावी. ओल येणाऱ्या भिंतीवर मात्र कापड टांगू नये. मागे बुरशी धरते आणि लहान मुलांना खोकल्याचा त्रास होतो. अशी भिंत पावसाळ्यात मोकळीच ठेवावी, कपाटही चार बोटे पुढे ओढावे.

उजेडानेही घराचे रूप बदलते. पूर्वीच्या ६० वॅटच्या बल्बाएवढा उजेड आता ९ वॅटचा एलईडी बल्ब देतो. रोज ५ तास लावला तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा जळत नाही. बसायच्या जागी पिवळसर आणि अभ्यासाला पांढरा उजेड घ्यावा. बल्ब आपलेच, जाताना काढून नेता येतात.

खिडकीत बाटलीतला मनीप्लँट छान दिसतो. पण त्याचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदलावे व बाटली आतून घासावी. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

आमच्या मते घरातली खरी शोभा म्हणजे मुलांचा अभ्यासाचा कोपरा. बाबासाहेब अनेक वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले आणि पुढे दादरला पुस्तकांसाठी जागा राहील असे राजगृह बांधले, हे आपल्याला माहीत आहे. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतही घडीचे टेबल, एक दिवा आणि पुस्तकांची लहान मांडणी बसते. जाड पुठ्ठ्यावर वेळापत्रक आणि नकाशा लावून तो पुठ्ठा टेबलावर भिंतीला टेकवून ठेवावा. मधे एक पडदा सोडला की टीव्हीकडे लक्ष जात नाही.

आता सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न, तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो कुठे लावायचा? जुना खिळा नसेल तर लोखंडी कपाटावर किंवा मांडणीच्या वरच्या फळीवर स्वच्छ पांढरे कापड अंथरून फोटो टेकवून ठेवावा. तो घसरू नये म्हणून खाली रबराची पट्टी घालावी. मेणबत्ती फोटोपासून व पडद्यापासून दूर, ताटलीत लावावी.

काही ठिकाणी घरमालकाची हरकत खिळ्याला नसते, फोटोलाच असते. दारातून दिसणार नाही असा ठेवा, असे सुचवले जाते. भिंतीला भोक पाडू नका, हे सांगण्याचा त्याला अधिकार आहे. भिंत त्याची आहे. पण भाडे भरून राहणाऱ्या माणसाने आपल्या घरात कोणाला वंदन करावे, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा नाही. भांडण करू नये, आवाज चढवू नये. पण फोटो आत सरकवूही नये. आपण काय करतो ते मुले पाहत असतात. खोली ठरवतानाच नाव, आडनाव स्वच्छ सांगावे, म्हणजे मागाहून कुजबुज होत नाही.

घर सोडताना भिंती कोरड्या फडक्याने पुसाव्यात, पुन्हा तेच फोटो काढावेत आणि किल्ली देतानाच डिपॉझिटचा हिशोब मागावा. साडी, दिवे, पुठ्ठा, मांडणी सारे टेम्पोत चढते. नव्या खोलीत ते लावले की संध्याकाळपर्यंत घर पुन्हा आपले होते.

भगिनींनी आपल्या युक्त्या आम्हांला जरूर लिहून पाठवाव्यात. निवडक पत्रे आम्ही याच सदरात देऊ. जयभीम!