कितवीत आहेस?

घरी आलेला पाहुणा पोरांना हमखास विचारतो, "कितवीत आहेस?" उत्तराचा आकडा मात्र देशोदेशी वेगळा. अकोल्यात सहावीत शिकणारी अकरा वर्षांची मुलगी इंग्लंडमध्ये ‘इयर सेव्हन’मध्ये बसेल. फ्रान्समध्येही ती सहावीतच. पण पुढल्या वर्षी पाचवीत! तेथे मोजणी उलटी चालते.

आपल्याकडेही आकडे बदलत आलेच. मुंबई इलाख्यात मराठी चौथीनंतर ‘इंग्रजी पहिली’ सुरू होई. मध्य प्रांताला जोडलेल्या वऱ्हाडात प्राथमिक, मिडल स्कूल, हायस्कूल अशी वाट होती. १९७५ साली शालान्त परीक्षा अकरावीवरून दहावीवर आली.

नावांचे मला फारसे वाटत नाही. काळजी आहे ती टप्प्यांच्या सांध्याची. महाराष्ट्राने चौथीपर्यंतचे शिक्षण प्राथमिक मानले आणि कितीतरी खेड्यांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीलाच संपली. पाचवीसाठी शेजारचे गाव गाठायचे. मुलगा सायकलवर जातो. मुलीला धाडताना आईबाप कचरतात. मेळघाटात तर मध्ये डोंगर आणि नाले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक टप्पा पाचवीपर्यंत नेला व आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. आता २०२० च्या धोरणाने पाच-तीन-तीन-चार अशी नवी मांडणी सुचविली आहे. पाट्या खुशाल बदलाव्यात. पण अमरावती असो की अकोला, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पुढचा वर्ग गावात तरी असावा, नाहीतर वेळेवर येणारी एसटी तरी असावी, एवढे सरकारने आधी पाहावे.